लिमरिकची यादी

[दृश्य: थंडीतली संध्याकाळ, प्रकाशझोतातलं ओलं मैदान, हातात हर्ली घेतलेली मुलं]

आयर्लंडमध्ये हर्लिंगच्या, म्हणजे तिथल्या काठी-चेंडूच्या जुन्या खेळाच्या, मॅनेजरला खेळाडू विकत घेता येत नाही. आयपीएलसारखा लिलाव नाही, परदेशी खेळाडूंचा कोटा नाही. मुलगा ज्या गावात वाढला तिथल्या क्लबकडून खेळतो आणि तो क्लब ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्या काउंटीचा होतो. गोलकीपर कच्चा निघाला तर त्यालाच घासूनपुसून तयार करा, नाहीतर शेजारच्या गावात दुसरा शोधा. काउंटीची वेस ओलांडून कुणाला उचलून आणायची सोय जवळपास नाहीच.

आणि पगारही नाही. हा खेळ चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १८८४ साली थर्ल्स या गावात स्थापन झाली आणि तिचे खेळाडू आजही हौशीच आहेत. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२,००० लोकांसमोर खेळलेला माणूस चार दिवसांनी पुन्हा वर्गात शिकवत असतो, नाहीतर गोठ्यात असतो. प्रवासखर्च मिळतो. बाकी सगळा मान.

पैसा नाही, बाजार नाही. मग नव्या मॅनेजरच्या हातात राहते ती फक्त यादी. कुणाला बोलवायचं आणि कुणाला बोलवायचं नाही, एवढाच काय तो त्याचा अधिकार. ही गोष्ट एकाच काउंटीतल्या दोन याद्यांची आहे. एकीने लिमरिकचं हर्लिंग दुभंगलं. दुसरीने ४५ वर्षांचा दुष्काळ संपवला.

[दृश्य: अ‍ॅश लाकडाची हर्ली जवळून, चेंडूवरची उंच शिवण]

ज्यांनी हर्लिंग कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला १५ खेळाडू. अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला पसरट अशी काठी, म्हणजे हर्ली. कातड्याचा छोटा टणक चेंडू, त्याला स्लिटर म्हणतात. गोलखांबांच्या मधून आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला की एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन गुण. धावफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहितात, म्हणून ३-१६ म्हणजे २५. सामना ७० मिनिटांचा. हेल्मेट २०१० पासून सगळ्यांना सक्तीचं झालं. त्याआधी काय काय व्हायचं ते जुन्या खेळाडूंच्या दातांना विचारा.

तर, यादी. ती मॅनेजर एका रात्रीत लिहीत नाही. क्लबांचे सामने रंगात येतात तेव्हा तो आणि त्याचे दोन-तीन सहकारी गावोगावच्या मैदानांवर, पावसात, कठड्याला टेकून उभे असतात. तिथे तो नुसते गुण मोजत नाही. चेंडू हातून सुटल्यावर पोरगा काय करतो? आपला संघ दहा गुणांनी मागे पडल्यावर पळतो का? मग हिवाळ्यात चाचणीसाठी मोठा घोळका जमतो. जिम सुरू होते, जानेवारीत सरावाची छोटी स्पर्धा, मग लीग. प्रत्येक टप्प्यावर काही नावं गळतात. उन्हाळ्यात अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू होईपर्यंत पस्तीसच्या आसपास उरतात. सामन्याच्या दिवशी जर्सी २६ जणांना, मैदानात सुरुवातीला १५, बदली म्हणून फार तर पाच. म्हणजे वर्षभर आठवड्यातून चार-चार संध्याकाळी घाम गाळून, नोकरी सांभाळून, लग्नकार्यं चुकवून, ऐन दिवशी साध्या कपड्यांत बसणारेही आठ-दहा जण असतातच. माझ्या मते मॅनेजरची खरी परीक्षा या आठ-दहांपाशी होते. पहिले अकरा-बारा तर काउंटीतलं शेंबडं पोरही निवडून देईल.

[दृश्य: लिमरिक शहर, शॅनन नदी, किंग जॉन्स कॅसल]

लिमरिकने १९७३ साली किलकेनीला हरवून ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंट्यांमधलं अजिंक्यपद, जिंकलं आणि त्यानंतर जे सुरू झालं त्याला दुर्दैव म्हणावं की आणखी काही, यावर तिथल्या पबमध्ये दोन पिढ्या वाद घालत राहिल्या. अंतिम सामने हरले १९७४ ला, १९८० ला, १९९४ ला, १९९६ ला, २००७ ला. त्यातलं १९९४ तर सांगवत नाही. लिमरिक आरामात पुढे होतं, आणि ऑफलीने शेवटच्या पाचेक मिनिटांत दोन गोल आणि पाच गुण ठोकून सामना हिसकावून नेला.

पोरं नव्हती असंही नाही. २१ वर्षांखालील ऑल-आयर्लंड लिमरिकने २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन वर्षं जिंकली. अशी पोरं हाताशी असताना मोठ्या संघाला एकही ऑल-आयर्लंड मिळालं नाही. गुणवत्ता होती, तिचं काय करायचं ते कळलं नाही.

मग आलं २००९. ऑगस्टमध्ये उपांत्य सामन्यात टिपरेरीने लिमरिकला ६-१९ विरुद्ध २-७ असं धुऊन काढलं. मॅनेजर होते जस्टिन मॅकार्थी. कॉर्कचा नावाजलेला खेळाडू, वॉटरफर्डला मोठे दिवस दाखवलेला जाणता प्रशिक्षक, आणि लिमरिकमधलं त्यांचं ते पहिलंच वर्ष. हंगाम संपल्यावर त्यांनी डझनभर खेळाडूंना वगळलं. नवा माणूस, दारुण पराभव, साफसफाई. कागदावर यात वावगं काहीच नाही. पण वगळलेल्यांत अनुभवी, वजनदार नावं होती. ‘ते नाहीत तर आम्हीही नाही’ म्हणत आणखी खेळाडू बाहेर पडले. काउंटी बोर्ड मॅनेजरच्या पाठीशी उभं राहिलं. दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या.

२०१० साली लिमरिक जवळजवळ दुसऱ्या फळीच्या संघासह मैदानात उतरलं. लीगमध्ये एकही सामना जिंकता आला नाही, आणि काउंटी वरच्या गटातून खाली घसरली. अजिंक्यपदात आधी कॉर्ककडून हार, मग ऑफलीकडून, आणि खेळ खलास. मॅकार्थी गेले, खेळाडू परतले. पण लीगच्या वरच्या गटात परत चढायला लिमरिकला २०१८ उजाडलं.

कोण बरोबर, कोण चूक यावर लिमरिकमध्ये आजही दोन तट निघतील, आणि मला त्यात पडायचं नाही. मला दिसतं ते एवढंच, की जिथे पगार नाही तिथे खेळाडूला बांधून ठेवणारा करार नसतो. त्याला ‘नको’ म्हणताना त्याच्याबरोबर त्याचा भाऊ, त्याचा क्लब, त्याचं गाव ऐकत असतं.

[दृश्य: गॅल्टी डोंगरांच्या पायथ्याची हिरवी कुरणं]

२०१६ च्या शरद ऋतूत लिमरिकची सूत्रं जॉन काइली यांच्याकडे आली. गाव गॅल्बली, काउंटीच्या पार टोकाला. पेशाने शाळेचे मुख्याध्यापक. १९९० च्या दशकात स्वतः लिमरिकच्या पॅनलमध्ये होते. पण त्यांची खरी शिदोरी वेगळी होती: २०१५ साली त्यांच्याच हाताखाली लिमरिकच्या २१ वर्षांखालच्या मुलांनी वेक्सफर्डला हरवून ऑल-आयर्लंड जिंकलं होतं. म्हणजे नव्या मॅनेजरला अर्धी यादी आधीपासून तोंडपाठ होती. काउंटीने मधल्या काळात मुलांसाठी अकादमी उभारली होती, पाठीशी जे. पी. मॅकमॅनस यांच्यासारखा लिमरिकचाच धनाढ्य पुरस्कर्ता होता. शेत नांगरलेलं होतं.

काइलींनी खेळाडूंच्या आधी माणसं जमवली. प्रशिक्षक म्हणून पॉल किनर्क आले. हा गडी स्वतः लिमरिककडून खेळला तो गेलिक फुटबॉल; पण २०१३ साली शेजारच्या क्लेअरने हर्लिंगचं ऑल-आयर्लंड जिंकलं तेव्हा प्रशिक्षण त्याचं होतं. नुसत्या फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा छोट्या जागेत, कमी खेळाडूंत, सतत निर्णय घ्यायला लावणारे खेळ, अशी त्याची रीत. चेंडू लांब भिरकावून नशिबावर सोडायचा नाही, मोकळ्या माणसाच्या हातात द्यायचा. पुढे २०१८ साठी क्रीडा मानसशास्त्रज्ञ कॅरोलाइन करिड आल्या, ज्या २०१० च्या विजेत्या टिपरेरीबरोबर होत्या.

पहिलं वर्ष, २०१७. क्लेअरकडून हार, किलकेनीकडून हार. दोन सामने आणि उन्हाळा संपला. कुठल्याही काउंटीत अशा वेळी गुरगुर सुरू होते. पण त्याच सप्टेंबरमध्ये लिमरिकच्या २१ वर्षांखालच्या संघाने पुन्हा ऑल-आयर्लंड जिंकलं, किलकेनीलाच हरवून. कीअन लिंच, टॉम मॉरिसी, अ‍ॅरन गिलेन, शॉन फिन, काइल हेज. यातल्या बहुतेकांवर काइलींचा डोळा आधीच होता. आता २००९ सारखीच वेळ आली होती: अपयशी वर्ष, दाराशी तरणी पोरं, आत जुनी खोडं. झाडू फिरवायचा मोह कुणालाही झाला असता.

काइलींनी पोरं आत घेतली, आणि कामाची जुनी माणसं घालवली नाहीत.

त्यात योगायोगाने हात दिला. लिमरिक शहरातला ना पियर्सी हा क्लब २०१८ च्या मार्चपर्यंत ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धेत गुंतला होता. अंतिम सामना बरोबरीत सुटला, फेरसामना झाला, तो डब्लिनच्या कुआला क्लबने जिंकला. त्या क्लबचे खेळाडू तोवर काउंटीला मिळेनात. मग लीगमध्ये जागा रिकाम्या, आणि ज्यांना एरवी बेंचवरून टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या त्यांना खेळायला मिळालं. शेमस फ्लॅनगन याच हंगामात पुढच्या फळीत रुजला. याच मुलांनी गॉलवेच्या मैदानावर, मागे पडूनही, तेव्हाच्या ऑल-आयर्लंड विजेत्यांना हरवलं आणि लिमरिकला वरच्या गटात नेलं. ना पियर्सीवाले परतले तेव्हा त्यांच्या खुर्च्यांवर दुसरे बसलेले होते.

[दृश्य: बेंचवर ओळीने बसलेले खेळाडू, मांडीवर हेल्मेट]

परतलेल्यांत शेन डाउलिंग होता. फ्री, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका, घेण्यात काउंटीत नाव कमावलेला, कित्येक सामने एकट्याच्या मनगटावर ओढलेला माणूस. आता फ्री गिलेन घेऊ लागला, आणि डाउलिंग बेंचवर. पंचविशीतल्या नामांकित खेळाडूला हे सांगणं सोपं नाही. त्या खोलीत काय बोलणं झालं ते खोलीतच राहिलं. निकाल मात्र मैदानात दिसला.

जुलैत उपांत्यपूर्व सामन्यात किलकेनी दोन गुणांनी हरलं. अजिंक्यपदात किलकेनीला हरवण्याची १९७३ नंतरची ही पहिली वेळ. मग क्रोक पार्क, उपांत्य सामना, समोर कॉर्क. शेवटच्या काही मिनिटांत कॉर्क सहा गुणांनी पुढे. लिमरिकने एकेक गुण करत बरोबरी गाठली, आणि मग तो क्षण: कॉर्कचा शेमस हार्नेडी गोलसमोर एकटा, हर्ली मागे नेलेली, आता मारणार. गोलकीपर निकी क्वेड अंग झोकून देतो, हात पूर्ण लांबवतो आणि हर्लीच्या टोकाने चेंडू हलकेच टिचकी मारल्यासारखा बाजूला काढतो. हार्नेडीची हर्ली हवेत फिरते. सामना जादा वेळेत जातो. तिथे गोल कोण करतं? पेनल्टीवर शेन डाउलिंग. आणि गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकून, पॅट रायन. दोघेही बदली खेळाडू. ३-३२ विरुद्ध २-३१.

सामन्यानंतर काइलींनी पत्रकारांना हेडमास्तरी आवाजात बजावलं, की माझ्या खेळाडूंना थेट फोन कराल तर दारं बंद. पोरांना वाचवायची त्यांची ही तऱ्हा. पत्रकार अर्थातच नाराज.

१९ ऑगस्ट २०१८, अंतिम सामना, पुन्हा गॉलवे. लिमरिकचा तिसरा गोल डाउलिंगचा, बेंचवरून येऊन. आठ गुणांची आघाडी, आणि तरीही १९९४ ची आठवण कुणाच्या डोक्यातून जाईना. वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईची पाटी लागली: आठ मिनिटं! गॉलवेचे दोन गोल झाले, दुसरा जो कॅनिंगच्या फ्रीवरून. अंतर एका गुणावर. शेवटी कॅनिंगलाच आणखी एक फ्री, स्वतःच्या अर्ध्यातून, बराच लांबून. चेंडू गोलसमोरच्या गर्दीत उतरला, आणि तो घेऊन बाहेर पडला टॉम कॉन्डन. वाईट वर्षांत लिमरिकची जर्सी घातलेला, जुन्या फळीतला, आणि त्या दिवशी नुकताच बदली म्हणून आत आलेला. २००९ च्या झाडूने अशी माणसं पहिल्यांदा बाहेर गेली असती. ३-१६ विरुद्ध २-१८. कर्णधार डेक्लन हॅननने ऑल-आयर्लंडचा लिअम मॅकार्थी चषक उचलला.

[दृश्य: लिमरिकच्या रस्त्यांवर हिरव्या झेंड्यांचा महापूर]

यादीचं काम त्यानंतरही थांबलं नाही. २०१९ ला किलकेनीने एका गुणाने हरवलं. डाउलिंगला गुडघ्याने दगा दिला, २०२० मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. काइली आणि किनर्क यांनी बाहेरून आणता येत नाही म्हणून आतलीच माणसं इकडची तिकडे लावली. पुढच्या फळीतला बॅरी नॅश थेट शेवटच्या बचाव फळीत गेला. २०१८ चा अंतिम सामना पुढे खेळून सामनावीर ठरलेला काइल हेज मागे गेला. दोघेही तिथेच मोठे झाले. लिमरिकने २०२०, २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग चार अजिंक्यपदं घेतली. चौथ्या वेळी कर्णधार हॅनन जखमी, बचावाचा आधारस्तंभ शॉन फिन जखमी, दोघेही बाहेर. मध्यंतराला किलकेनी पुढे होतं. निकाल लिमरिक ०-३०, किलकेनी २-१५.