दिव्याचं तोंड कुठं आहे?

मंडळी, बाहेरचा दिवा घ्यायला गेलं की दुकानदार आधी वॉट विचारतो. वॉटचं नंतर बघू. नागपुरात गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी यांच्या जंगलाच्या कडेला घर असेल, तर दिव्याचं तोंड कुठं आहे आणि तो किती वाजेपर्यंत जळतो, हे जास्त महत्त्वाचं. भिंतीपलीकडे पतंग, वटवाघळं, घुबडं यांचा दिवस तेव्हाच सुरू होतो.

रंगाचं थोडक्यात सांगतो. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरची, आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. खोक्यावरचा केल्विनचा (उजेडाचा रंग सांगणारा) आकडा जितका मोठा, तितका निळा उजेड जास्त, आणि किड्यांना ओढतो तो हाच. ६५०० वाला 'कूल डेलाइट' बाहेर नकोच. २७०० किंवा त्याखालचा घ्या. जंगलाला लागून असाल तर अंबर, म्हणजे नारिंगी-पिवळा. 'वॉर्म' या शब्दावर जाऊ नका, आकडा वाचा. पांढऱ्या दिव्याला पिवळा जिलेटिन कागद डकवायचा जुगाड आपल्या उन्हात टिकत नाही, रंग उडतो. आणि मृगाच्या सरींनंतर वाळवीला पंख फुटले की पिवळ्या दिव्यावरही पाखरं येतात. त्या दोन-तीन संध्याकाळी दिवा बंदच ठेवावा.

आता तोंड. फ्लडलाइट, ज्याला आपल्याकडे अजून 'हॅलोजन'च म्हणतात, लांबवर उजेड पडावा म्हणून तिरपा लावतात. मग अर्धा उजेड समोरच्या झाडात जातो. काच जमिनीला समांतर हवी. गेटच्या खांबावरचे दुधी गोळे तर आकाशच उजळतात. त्याजागी टोपीवाली फिटिंग बसवा. ९ वॉटचा बल्ब साधारण ९०० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. गेटपाशी कुलूप दिसायला ३००-४०० पुरतात, म्हणजे ४ वॉटचं काम.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांत अंधार केला नाही, दिवे खाली तोंडाचे केले.

माणूस आला की आपोआप लागणारा सेन्सरवाला दिवा चांगलाच, पण नागपुरात एक घोळ होतो. त्यातला पीआयआर सेन्सर अंग आणि आजूबाजूची हवा यांच्या उष्णतेतला फरक ओळखतो. मे महिन्यात संध्याकाळची हवाच अंगाइतकी तापलेली, त्यामुळे माणूस अगदी जवळ आला तरी दिवा लागत नाही. वैतागून लोक सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवतात आणि डिसेंबरात प्रत्येक मांजरीला दिवा पेटतो. उन्हाळ्यात वाढवली तर पावसाळ्यात आठवणीनं कमी करा. सेन्सर २ ते २.५ मीटरवर, आणि चालणारा त्याच्या समोरून आडवा जाईल असा. थेट अंगावर येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत त्याच्यावर नको. दिवा जळत राहायची वेळ एक-दोन मिनिटंच ठेवा.

लग्नासाठी कडुनिंबाला गुंडाळलेल्या माळा दुसऱ्या दिवशी काढा, त्यावर पक्षी वस्तीला असतात. खोडाखालून वर मारलेला फोकस तर लावूच नये, शोभेपलीकडे त्याचा उपयोग शून्य.

बसवून झालं की रात्री रस्त्यापलीकडे जाऊन बघा. एलईडीचे दाणे डोळ्यांत टोचले तर ब्रॅकेटचा नट सैल करून तोंड आणखी खाली घ्या. जमीन दिसतेय आणि दाणे दिसत नाहीत, असं झालं की नट आवळा.