फोमच्या ट्रेलरला कोणता कॅनव्हास?

[दृश्य: गॅरेज. चार बाय आठ फुटी ट्रेलरच्या सांगाड्यावर गुलाबी फोमची पेटी. दाराला अजून बिजागऱ्या नाहीत.]

गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर घरच्या गॅरेजमध्ये बांधणारी हौशी मंडळी अमेरिकेत बरीच आहेत. त्यातले काही जण प्लायवुडला फाटा देऊन भिंती आणि छप्पर थेट फोमचंच करतात. अशा ट्रेलरला तिकडे 'फोमी' म्हणतात. फोम म्हणजे एक्सपीएस, म्हणजेच एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन. इमारतीच्या भिंतीत उष्णता अडवण्यासाठी विकला जातो तो, ४ बाय ८ फुटांचा, दीड-दोन इंच जाडीचा तक्ता. ओवेन्स कॉर्निंगचा गुलाबी तक्ता सगळ्यांत ओळखीचा.

हा फोम हलका आहे, पाणी पीत नाही, करवतीशिवाय सुरीनेही कापला जातो. पण नुसता टिकत नाही. कोपर टेकलं तर खळगा पडतो आणि उन्हात पृष्ठभागाची भुकटी व्हायला लागते. त्यावर कातडं हवंच. स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन आणि फायबरग्लास लावायला गेलात, तर रेझिनमधलं स्टायरिन फोम विरघळवून टाकतं. इपॉक्सी रेझिन चालतं, पण संपूर्ण ट्रेलरला पुरेल एवढं घ्यायचं म्हणजे खिसा रिकामा. म्हणून सुती कॅनव्हास, लाकडाचा गोंद आणि घराबाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग, असं त्रिकूट इथे चालतं. त्याला 'गरिबाचं फायबरग्लास' असंही नाव आहे. कल्पना मात्र जुनी आहे. लाकडी रेल्वे डब्यांची छपरं आणि होड्यांची डेक रंगवलेल्या कॅनव्हासनेच झाकलेली असत. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लाकडी कनू होड्यांवर आजही कॅनव्हासच ताणतात.

[दृश्य: दुकानातले कापडाचे गठ्ठे. हात एकेक कापड चाचपतो आहे.]

दुकानात गेल्यावर पहिली चूक होते ती 'वॉटरप्रूफ' शब्द वाचून. तंबूचं किंवा ताडपत्रीचं, मेण अथवा रसायन लावलेलं कापड ट्रेलरला अगदी योग्य वाटतं. ते उचललं असेल तर परत ठेवा.

कारण असं. पाणी अडवायचं काम इथे रंगाचं आहे, कापडाचं नाही. कापडाने ताण सोसायचा. फोमच्या दोन्ही अंगांना घट्ट चिकटलेलं कापड आणि मधला फोम मिळून एक ताठ भिंत तयार होते. त्यासाठी गोंद धाग्यांमध्ये मुरायला हवा. शिवाय हा गोंद पाण्यातला आहे. त्यातलं पाणी उडून गेल्याशिवाय तो वाळत नाही, आणि फोमच्या बाजूने पाण्याला जायला वाट नाही. उरते ती कापडाच्या विणीतून जाणारी वाट. पाणी अडवणारं कापड लावलं, तर गोंद आत कोंडतो आणि आठवड्यांनंतरही दह्यासारखा मऊ राहतो. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या छत्रीच्या कापडाचं तेच. धागाच गोंद पीत नाही, म्हणून चिकटलेलं वाटलं तरी एका कोपऱ्यातून ओढलं की सालीसारखं निघतं. म्हणून शंभर टक्के सूत, कोरं, कुठलीही प्रक्रिया न केलेलं.

परीक्षा सोपी आहे. कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. धुतलेल्या चांगल्या कापडात तो काही क्षणांत पसरून नाहीसा होतो. मोत्यासारखा बसून राहिला, तर कापडावर काहीतरी आहे.

[दृश्य: थेंब. एका कापडावर गोल उभा, दुसऱ्यावर विरणारा डाग.]

पण कोऱ्या कापडावरही थेंब बसून राहतो, तेव्हा घाबरू नका. ती खळ असते. मागावर धागे तुटू नयेत म्हणून लावलेली. गरम पाण्यात धुतली की निघते. एका धुण्यात भागलं नाही तर दोनदा धुवा. कपडे मऊ करणारं सॉफ्टनर मात्र वापरू नका, ते धाग्यांवर नवा थर चढवतं. धुण्याचा दुसरा उपयोग म्हणजे कापड आटून घेतं. कोरा सुती कॅनव्हास ८ ते १० टक्के सहज आटतो. काही जण तो मुद्दाम न धुता लावतात, म्हणजे गोंदाच्या ओलीने आटून ढोलासारखा ताणला जातो. सपाट भिंतीवर हे जमूनही जातं. पण जिथे आतला कोपरा आहे, तिथे आटणारं कापड फोमपासून सुटून दोरीसारखं ताणलं जातं आणि खाली पोकळी राहते. शिवाय खळ तशीच राहते ती वेगळीच. आमच्या मते धुवावंच. ड्रायरमधून थोडं दमट असतानाच काढा आणि इस्त्री करा. आत पडलेल्या चुण्या नंतर रंगाच्या पाच थरांतूनही दिसतात.

आता वजन. अमेरिकेत कॅनव्हास चौरस यार्डाला किती औंस यावर विकला जातो. आपल्याकडच्या जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम यात, सांगायचं तर १० औंस म्हणजे साधारण ३४०. याशिवाय 'नंबर्ड डक' (डक म्हणजे जाड सुती कॅनव्हास) नावाची वेगळी श्रेणी आहे आणि तिथे गोंधळ होतो, कारण तिचा हिशेब उलटा आहे. २२ बाय ३६ इंचांच्या तुकड्याचं वजन औंसात काढायचं आणि ते १९मधून वजा करायचं. उरतो तो नंबर. म्हणजे आकडा मोठा तितकं कापड हलकं. चौरस यार्डाच्या हिशेबात नंबर १० म्हणजे सुमारे १४.७५ औंस, ५०० जीएसएम. नंबर १२ म्हणजे ११.५ औंस, ३९० जीएसएम. यात उभे-आडवे दोन्ही धागे पीळ दिलेले असतात आणि वीण घट्ट असते.

घरांना रंग देताना जमिनीवर अंथरायची कॅनव्हासची चादर, म्हणजे ड्रॉप क्लॉथ, हा सगळ्यांत स्वस्त पर्याय. ती ८ ते १० औंसांची, सैल विणीची असते. गोंद छान पिते. पण विकत घेण्याआधी घडी पूर्ण उलगडून पाहा. पुष्कळ चादरी दोन-तीन तुकडे जोडून शिवलेल्या असतात आणि ती शिवण नेमकी छपराच्या मधोमध येते. रंगाखाली ती उंचवट्यासारखी कायम दिसते. 'सीमलेस' लिहिलेलीच घ्यावी. आणखी एक गोष्ट, ९ बाय १२ फूट हे बहुतेक वेळा कापलेल्या कापडाचं माप असतं. काठ दुमडून शिवल्यावर प्रत्यक्षात काही इंच कमी भरतात.

पन्ह्याचा हिशेब सगळ्यात आधी करायला हवा आणि नेमका तोच विसरला जातो. समजा सांगाड्यावरची पेटी ५ फूट, म्हणजे ६० इंच रुंद आहे. ६० इंची पन्हा धुतल्यावर ५४वर येऊ शकतो. मग तो छपरालाही पुरणार नाही, काठावरून खाली वळवणं तर दूरच. ७२ इंची पन्हा १० टक्के आटला तरी ६५ उरतो. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच वळवायला मिळतात आणि तेवढे लागतातच. ५ फूट रुंद, ८ फूट लांब, ४ फूट उंच पेटीला दोन भिंतींचे ६४ चौरस फूट. छप्पर पुढून मागे खाली येतं त्याचे ७० धरा. एकूण १३४, आटणं आणि दुमड धरून १७० चौरस फूट घ्या.

१० औंसात या कातड्याचं कोरडं वजन सव्वाचार किलो होतं, नंबर १०मध्ये सहा किलोंच्या वर. दोन किलोंचा फरक काहीच नाही असं वाटेल. पण जड कापड गोंदही जास्त पितं आणि रंगही. टाइटबाँड टू या लाकडाच्या गोंदाचा एक गॅलन कागदोपत्री २५० चौरस फुटांना पुरतो. इथे तो फोमवर आणि कापडाच्या वरून असा दोनदा लागतो, म्हणून दीड ते दोन गॅलन हाताशी असावेत. शिवाय जाड कापड गोलाईवर वळत नाही, पोटाला फुगा धरतं. आमची निवड १० औंस ते नंबर १२. नंबर १० लावायचाच तर पुढच्या भिंतीला, जिथे गाडीच्या चाकांनी उडवलेले खडे येऊन आदळतात. जुन्या पलंगपोसाचं कापड आतल्या बाजूला चालेल, बाहेर नको.

[दृश्य: रोलर फोमवर फिरतो. मग कापड उलगडत जातं.]

लावण्याआधी फोमची गुळगुळीत त्वचा ६० नंबरच्या सँडपेपरने खरवडून घ्या. तापमान १३ अंश सेल्सिअसच्या वर असावं, त्याखाली हा गोंद नीट धरत नाही. फोमवर गोंद पसरा, दमट कापड मधून काठाकडे दाबत न्या, मग वरून पाणी मिसळलेला गोंद ब्रशने जिरवा. कापडाचा रंग सगळीकडे सारखा गडद झाला पाहिजे. फिकट राहिलेला ठिपका म्हणजे खाली कोरडी जागा, आणि उन्हात तिथेच फुगा येतो. आला तर ब्लेडने छोटी चीर द्या, सिरिंजने गोंद भरा, दाबा.

आधी बाजूच्या भिंती, शेवटी छप्पर. छपराचा काठ भिंतीवर यावा, भिंतीचा छपरावर नको. वळवलेल्या काठाला गोलाईवर दर दोन-तीन इंचांनी त्रिकोणी खाच कापावी लागते, नाहीतर चुण्या जमतात. खिडक्या-दारांच्या कडांना कापड आत वळवून तिथेही रंग द्या. सूत कुजतं ते उघड्या कडेतून पाणी शिरूनच. रंगाचा पहिला हात पाणी घालून पातळ, म्हणजे विणीत उतरतो. मग दाट तीन-चार हात, फिकट रंगाचे. एक्सपीएसची मर्यादा ७४ अंश सेल्सिअस आहे. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात गडद रंगाचं छप्पर त्याच्या फार जवळ जातं.

[दृश्य: फोमचा तुकडा. कापडाचं टोक पकडीत धरलेलं.]

पूर्ण गठ्ठा विकत घेण्याआधी एक फुटाचा तुकडा धुऊन, फोमच्या उरलेल्या तुकड्यावर चिकटवा. आठवडाभर ठेवा. मग पकडीने ओढा आणि दोन्ही बाजू बघा. कापडाला फोमचे कण चिकटून आले, तर जोड फोमपेक्षा मजबूत आहे, हाच कॅनव्हास घ्या. गोंदाचा पापुद्रा फोमवर राहून कापड स्वच्छ निघालं, तर खळ राहिली आहे किंवा कापडावर रसायन आहे. पुन्हा धुवा, तरी तेच झालं तर दुसरं कापड बघा. आणि गोंद कापडाबरोबर येऊन खाली फोम चकाकत राहिला, तर कापडाचा दोष नाही. फोम अजून खरवडायला हवा.