‘विमानाचं शिक्षण’ म्हणजे नेमकं कुठलं?

पडद्यावर दिसतोय तो ॲल्युमिनियमचा रिव्हेट, म्हणजे विमानाचे पत्रे जोडणारा खिळा. जाडी ३.२ मिलिमीटर. दोन पत्रे जोडताना तो मागच्या बाजूला जाडीच्या दीडपट, म्हणजे ४.८ मिलिमीटर बाहेर उरला पाहिजे. ठोकल्यावर मागचं डोकं साधारण तेवढंच रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच व्हावं. भोक पत्र्याच्या कडेला फार जवळ पाडलं, तर पत्रा तिथे फाटू शकतो. भोकाच्या कडेला उरलेली धारदार बर नीट काढली नाही, तर तिथूनच केसाएवढा तडा सुरू होतो. दर उड्डाणाला केबिनमधला दाब चढतो-उतरतो आणि तडा पुढे सरकत राहतो.

रिव्हेट किती, कुठे आणि किती अंतरावर, हे ठरवतो एरोस्पेस इंजिनिअर. तो ठोकतो आयटीआय झालेला फिटर. आणि दुरुस्तीनंतर विमान उडायला योग्य आहे, अशी सही करतो एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, तिन्हींना आपल्याकडे ‘विमानाचं शिक्षण’च म्हणतात. फसगत होते ती इथेच.

एएमई ही पदवी नव्हे, डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं लायसन्स आहे. बी-१ मध्ये इंजिन आणि सांगाडा, बी-२ मध्ये विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स. बारावीला भौतिक, रसायन, गणित हवंच. नुसता कोर्स करून भागत नाही. डीजीसीएचे पेपर सुटावे लागतात आणि चालू विमानांवर हात काळे केल्याचा अनुभव नोंदवावा लागतो. म्हणून फी भरण्याआधी संस्थेची सीएआर-१४७ (एएमई शिकवण्यासाठीची) मान्यता डीजीसीएच्या यादीत स्वतः शोधा. माहितीपत्रकावर विसंबू नका. आणि इस्रोत शास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर हे लायसन्स चालत नाही, पदवीच लागते.

पदवीची ठळक दारं दोन. आयआयटी मुंबईचं एरोस्पेस आणि तिरुवनंतपुरमची आयआयएसटी, अंतराळ विभागाची २००७ साली सुरू झालेली संस्था. दोन्हीकडे जेईई ॲडव्हान्स्ड लागते. आयआयएसटीतून इस्रोत जायचं तर किमान ७.५ सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणी) लागतो आणि रिकाम्या जागाही असाव्या लागतात.

ही दारं उघडली नाहीत, की ‘एरोस्पेस’ नावासाठी कुठल्याही खासगी कॉलेजात लाखो रुपये भरले जातात. आमच्या मते हा सौदा बहुतेकदा तोट्याचा. इस्रोची सायंटिस्ट-इंजिनिअर ‘एससी’ (हे पदाच्या श्रेणीचं नाव, जातीचं नव्हे) पदांची केंद्रीय भरती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी निघते. पात्रता ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए, वयोमर्यादा साधारण २८. एरोस्पेसच्या जागा निघतात, पण मोजक्या. म्हणजे जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीतून चांगल्या गुणांनी मेकॅनिकल केलेल्या मुलीसाठी हे दार जास्त रुंद आहे. एमटेकला गेट परीक्षेतून एरोस्पेसकडे वळताही येतं.

कामाची ठिकाणंही फार लांब नाहीत. धुळ्याहून आग्रा महामार्गाने नाशिककडे निघालं, की शहराच्या अलीकडेच ओझर लागतं. तिथे एचएएलने (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) मिग लढाऊ विमानं बांधली, मग सुखोई-३०. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. फिटर, टर्नर, मशिनिस्टना अप्रेंटिसशिपची वाट आहे. नंदुरबारकरांना गुजरातची गाडी सोयीची. वडोदऱ्यात टाटांचा सी-२९५ विमानं जोडण्याचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. आणि भुसावळच्या आयुध निर्माणीत पिनाका रॉकेटचे पॉड, म्हणजे रॉकेटं ठेवून डागायचे पेटारे बनतात, हे घराजवळ असूनही कितीतरी मुलांच्या गावी नसतं.

तरीही कॉलेजला एरोस्पेसच घ्यायचं ठरलं, तर प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघायला जा. विंड टनेल, म्हणजे वाऱ्याच्या झोतात विमानाचं मॉडेल तपासायचा बोगदा, चालू करून दाखवा म्हणा. मग गेल्या वर्षीच्या दहा मुलांची जर्नल मागा आणि त्यातले लिफ्ट-ड्रॅगचे (हवेची उचल आणि विरोध) आकडे ताडून बघा. दहाही वह्यांत शेवटच्या दशांशापर्यंत तेच आकडे निघाले, तर बोगदा बंद आहे असं समजा.