चार हजारांचं वचन, सतराशेंची जागा

(दृश्य: सर्व्हर रूम. रॅकमधले हिरवे दिवे लुकलुकतायत. पंख्यांची अखंड घरघर.)

निवेदन:
लग्नाच्या पत्रिका हजार वाटल्या, तरी आचारी हजार पानांचा स्वयंपाक करत नाही. सहाशे-सातशे धरतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अंदाज चुकत नाही. या खोलीतलं यंत्रही हाच हिशेब करतंय. फक्त आचाऱ्याला पातेल्याचा तळ दिसतो. इथे तो मुद्दाम वाकून बघावा लागतो.

समोर एकच सर्व्हर आहे. त्यावर लिनक्स, आणि २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, असलेलं केव्हीएम, एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी सोय. त्यावर वीस व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकीला आतून २०० जीबीची डिस्क दिसते. वीस गुणिले दोनशे, चार हजार जीबी.

खाली खरोखर काय आहे? दोन टीबीच्या दोन एसएसडी, एकीवर दुसरीची हुबेहूब प्रत. म्हणजे वापरायला एकच. त्यातही खोक्यावरचे दोन टीबी पडद्यावर १.८ दिसतात, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि लिनक्स १०२४ च्या. होस्टची, म्हणजे या खऱ्या सर्व्हरची, स्वतःची जागा वजा केली की उरतात साधारण १,७०० जीबी. या सामाईक जागेला म्हणतात थिन पूल.

(दृश्य: ग्राफिक. रिकाम्या चौकटी. एकेक चौकट रंगत जाते.)

व्हीएमने एखाद्या जागी पहिल्यांदा लिहिलं, की पूल तेवढाच तुकडा कापून देतो. या तुकड्याला चंक म्हणतात, तो कमीत कमी ६४ केबीचा. कुठला चंक कुणाच्या नावावर, याची वही वेगळी ठेवलेली असते. ती वही म्हणजे मेटाडेटा.

(दृश्य: टर्मिनल. 'एलव्हीएस' टाइप होतं. कॅमेरा दोन आकड्यांवर स्थिरावतो.)

एलव्हीएस ही आज्ञा दिली की दोन रकाने दिसतात. डेटा ५८.८२ टक्के. मेटा ३१.०७ टक्के. बहुतेकांची नजर पहिल्यावर जाऊन तिथेच थांबते. खरं तर वही भरणं हे कोठार भरण्यापेक्षा वाईट. डेटा संपला तर लिहिणं थांबतं. मेटाडेटा संपला तर वहीच विस्कटण्याची भीती असते, आणि मग पूल बंद करून ती दुरुस्त करत बसावं लागतं.

आता ५८.८२ टक्के म्हणजे १,७०० पैकी हजार जीबी. रोज सगळ्या व्हीएम मिळून पाच जीबी वाढतात असं धरू. सातशे भागिले पाच, एकशे चाळीस दिवस. निवांत वाटतं. पण हा आकडा सरळ रेषेत वाढत नाही.

पहिली गोम पुसण्यात आहे. व्हीएमच्या आत कुणी पन्नास जीबीच्या जुन्या लॉग फायली उडवल्या. आत डीएफ, म्हणजे शिल्लक जागा सांगणारी आज्ञा, मारली की जागा मोकळी दिसते. खाली पूल मात्र तसूभरही हलत नाही. फाइलसिस्टिमने, म्हणजे फायलींचा हिशेब ठेवणाऱ्या थराने, आपल्यापुरती नोंद खोडली, खालच्या थराला निरोप गेलाच नाही. हा निरोप म्हणजे डिस्कार्ड, आणि तो धाडायचं काम एफएसट्रिम करतं. उबुंटू या लिनक्समध्ये ते आठवड्यातून एकदा आपोआप चालतं. पण वाटेतली सगळी दारं उघडी हवीत. व्हीएमच्या डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड चालू हवं. ते चालू केल्यावर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायला हवी. आतून नुसतं रीबूट केलं तर जुनंच सेटिंग चालू राहतं, आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. आत डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर आणखी एक दार, तिथेही डिस्कार्डला वेगळी परवानगी द्यावी लागते.

(दृश्य: टर्मिनल. एफएसट्रिम चालतं. शेजारच्या खिडकीत ५८.८२ चं ५५.८८ होतं.)

पन्नास जीबी परत आले.

दुसरी गोम स्नॅपशॉटची. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कचं त्या क्षणीचं चित्र, घेतला, एका सेकंदात झाला, जागा शून्य. म्हणून घेणाऱ्याला तो फुकट वाटतो. त्यानंतर मूळ डिस्कवर जे जे बदलेल, त्याची जुनी प्रत स्नॅपशॉट धरून ठेवतो. साध्या वेबसर्व्हरवर महिनाभर काही जाणवणार नाही. पण डेटाबेस त्याच त्याच जागी सतत लिहीत असतो. १५० जीबीच्या डेटाबेसचा विसरलेला स्नॅपशॉट काही आठवड्यांत आणखी १५० जीबी खाऊन बसू शकतो. व्हीएमवेअर या दुसऱ्या व्हीएम-प्रणालीच्या जगातही हेच दुखणं आहे. तिथला सल्ला असा, की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले.

तिसरी गोष्ट एका रात्रीत घडते. जुन्या व्हीएमची खातरजमा करायला कुणी बॅकअप शेजारी उतरवून घेतो. १८० जीबी एका फटक्यात. त्याच रात्री दुसऱ्या व्हीएममध्ये डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या माहितीची एक मोठी फाइल, पडतो. दिवसांचा हिशेब तिथेच कोलमडतो.

(दृश्य: डेटा ९९.४. मग ९९.९. मग १००.००. पंख्यांचा आवाज तसाच.)

पूल भरला की आधी काहीच होत नाही, आणि हेच फसवं आहे. कर्नल नव्या जागेची विनंती रांगेत धरून ठेवतो, मुळात ठरलेली मुदत ६० सेकंद. तेवढ्यात जागा मिळाली तर सगळं सुरळीत. नाही मिळाली तर लिहिणाऱ्याला चूक परत जाते. केव्हीएम अशा वेळी ती व्हीएम गोठवून ठेवतं. प्रॉक्समॉक्स या केव्हीएम सांभाळणाऱ्या प्रणालीच्या पडद्यावर तिच्या नावापाशी पिवळा त्रिकोण येतो, आणि 'आयओ-एरर'. व्हीएम गोठवण्याची सोय नसेल, तर आतली ईएक्सटी-फोर फाइलसिस्टिम स्वतःला फक्त-वाचन करून घेते. एकीच्या चुकीचा भुर्दंड विसांनाही पडतो, कारण पूल एकच.

इथे हात आखडता घ्यायचा. घाईने रीसेट मारू नका. गोठलेली व्हीएम बरीचशी शाबूत असते, जागा मिळाली की जिथे थांबली तिथून पुढे चालू लागते. आधी व्हीजीएस या आज्ञेने बघा, व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे पूल ज्या डिस्कच्या साठ्यातून कापलाय त्यात, मोकळी जागा आहे का. असेल तर एलव्हीएक्सटेंडने पूल वाढवा, शंभर जीबी पुरेत. मेटाडेटाही ऐंशीच्या वर गेला असेल तर त्याच आज्ञेने तो एक जीबीने वाढवा. जागा नसेलच, तर जुने स्नॅपशॉट काढा. तेही नसतील तर नवी डिस्क जोडून या तीन आज्ञा: पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्सटेंड, मग एलव्हीएक्सटेंड. शेवटी एकेक व्हीएम चालू करा, आणि जिच्यात चुका आल्या तिची फाइलसिस्टिम तपासून घ्या.

म्हणूनच सर्व्हर मांडताना सगळी जागा पूलला देऊन टाकू नये. दीडशे-एक जीबी बाहेर, कुणाच्याच नावावर नाही अशी ठेवावी. वाया गेल्यासारखी दिसते, पण रात्री दोन वाजता तीच कामी येते. एलव्हीएममध्ये, म्हणजे हा पूल सांभाळणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, पूल आपोआप वाढवायची सोय आहे, फक्त तिचा उंबरठा मुळात १०० वर असतो, म्हणजे बंद. तो ८० करा, वाढ २० टक्के. आणि इशारा लावताना दोन आकडे बघा. या गतीने किती दिवस उरले, हा एक. सगळ्यात मोठी व्हीएम आज बॅकअपमधून उतरवली तर मावेल का, हा दुसरा.

(दृश्य: होस्टचा प्रोसेसर. खाली आलेख.)

प्रोसेसरचं गणित सौम्य आहे. सोळा कोअरवर चार-चार व्हीसीपीयूच्या, म्हणजे आभासी कोअरच्या, वीस व्हीएम, म्हणजे ८० मागणारे, तरी सहसा निभतं, कारण प्रोसेसर संपत नाही, वाट बघायला लावतो. ती वाट लिनक्सच्या आत टॉप या आज्ञेत 'एसटी' या रकान्यात दिसते. व्हीएमवेअरमध्ये तिला रेडी म्हणतात. वीस सेकंदांच्या नोंदीत एका व्हीसीपीयूमागे १,००० मिलिसेकंद म्हणजे पाच टक्के. तिथून डोळा ठेवायचा, दहाच्या वर वापरणाऱ्याला जाणवतंच. अशा वेळी व्हीसीपीयू वाढवले तर होस्टवरची रांग आणखी लांबते. कमी करून बघा.

रॅमच्या बाबतीत मात्र हात सैल सोडू नये. व्हीएमच्या आत फुगा फुगवून तिची रिकामी रॅम काढून घेण्याची युक्ती कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये मांडली, आणि ती आजही चालते. पण होस्ट एकदा स्वॅप करू लागला, म्हणजे रॅममधलं डिस्कवर टाकू लागला, की वीसही व्हीएम रांगायला लागतात.

(दृश्य: क्लाउडचा कन्सोल. मुंबई रीजन. डिस्कची यादी.)

क्लाउडमध्ये पूल दुसऱ्याचा असतो, त्याची भरती-ओहोटी आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतात मर्यादा, आणि बिल.

ॲमेझॉनची जुनी जीपी-टू डिस्क घ्या. दर जीबीमागे तीन आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं), म्हणजे १०० जीबीला ३००. गरज पडली तर ३,००० पर्यंत उसळी, पण ती शिलकीतून. भरलेली शिलक ५४ लाख वाचन-लेखनांची. खर्च सेकंदाला तीन हजार, जमा तीनशे, म्हणजे २,००० सेकंदांत खडखडाट. म्हणून रात्रीचा जॉब तेहतीस मिनिटं पळतो आणि मग कासव होतो. लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात, उत्तर 'बर्स्ट बॅलन्स'च्या आलेखात पडलेलं असतं. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी-थ्रीला आकार कितीही असो, ३,००० आयओपीएस पायाभूत मिळतात, आणि दर जीबीमागे भावही कमी. चालू डिस्क बंद न करता बदलता येते.

डिस्क वाढवतानाही असंच. कन्सोलमध्ये १०० चे २०० केले, तरी आत डीएफ शंभरच दाखवतो. ग्रोपार्टने पार्टिशन वाढवायचं, मग फाइलसिस्टिम: ईएक्सटी-फोर असेल तर रीसाइझ-टू-एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. आणि वाढवलेली डिस्क लहान करता येत नाही. नवी लहान डिस्क जोडून सगळं उतरवून घ्यावं लागतं, म्हणून हात राखूनच वाढवावं.

(दृश्य: यादीत एक ओळ उजळते.)

सर्व्हर काढून टाकला तरी त्याला नंतर जोडलेल्या डिस्क मागे राहतात. कन्सोल त्यांची अवस्था 'अव्हेलेबल' अशी दाखवतो, मोठा गोड शब्द. बिल चालूच असतं. महिन्यातून एकदा यादी त्याच अवस्थेवर गाळून घ्या. मालक कोण ते टॅगवरून बघा, टॅग नसेल तर विचारा. स्नॅपशॉट घ्या (इथे तो डिस्कपासून वेगळा साठवला जातो, डिस्क काढली तरी राहतो), त्याच्या वर्णनात तारीख आणि जुन्या सर्व्हरचं नाव लिहा. पंधरा दिवस कुणी हाक मारली नाही, तर डिस्क काढून टाका.