जुन्या मोटरसायकलला ऑइल कोणतं? आधी इंजिन बघा, मग डबा

नमस्कार. ‘गाडी जुनी झाली ना, मग आता जरा घट्ट ऑइल टाका’, हा सल्ला इथे बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकला असेल. काही इंजिनांना तो लागूही पडतो. पण सल्ला देणाऱ्याने बहुतेक वेळा गाडीचं इंजिन कसं बांधलंय, हे विचारलेलंच नसतं. माझा सगळा भर आज त्याच प्रश्नावर आहे. गाडीचं वय किती, यापेक्षा तिच्या पोटात ऑइल कुठे कुठे जातं आणि कशाकशाला लागतं, यावरून ऑइल ठरवावं.

कारमध्ये इंजिनाचं ऑइल इंजिनापुरतं असतं. गिअरबॉक्स वेगळा, क्लच कोरडा. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटरसायकलींत मात्र एकाच ऑइलवर तीन कामं पडतात. ते पिस्टन, क्रँक आणि व्हॉल्व्हची यंत्रणा सांभाळतं, गिअरचे दाते सांभाळतं आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. यात एक अडचण आहे. इंजिनाला हवं असतं कमीत कमी घर्षण, आणि क्लच तर चालतोच घर्षणावर.

कारच्या ऑइलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालायचं प्रमाण वाढत गेलं, तसे मोटरसायकलींचे क्लच सरकायला लागले. म्हणून जपानच्या वाहन उद्योगाने १९९८ मध्ये मोटरसायकलच्या ऑइलसाठी वेगळं मानक आणलं. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं छापलेलं दिसतं, ते हेच. ओल्या क्लचच्या गाडीला एमए हवं. २००६ मध्ये त्याचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ मध्ये क्लचची पकड जास्त. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचं ऑइल आहे, ते ज्या स्कूटरचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्ये नसतो तिच्यासाठी. अक्षर एकच बदलतं, त्यामुळे डबा घेताना नीट वाचा. आणि एपीआय या ऑइलचे वर्ग ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या गोल शिक्क्यात खालच्या बाजूला ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते ऑइल कितीही नामांकित असलं तरी ओल्या क्लचच्या गाडीत घालू नका.

क्लच सरकतोय का, हे घरच्या घरी कळतं. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र तेवढ्यापुरता मागेच राहिला, तर प्लेटा सरकत आहेत. आधी क्लच केबलचा खेळ तपासा. तो बरोबर असेल आणि त्रास ऑइल बदलल्यानंतरच सुरू झाला असेल, तर संशय ऑइलवर घ्यायला हरकत नाही. योग्य ऑइल घातल्यावर बऱ्याचदा पकड परत येते. सरकून सरकून प्लेटा जळाल्या असतील तर मात्र त्या बदलाव्याच लागतात.

आता १९९८ च्या आधीच्या गाड्यांचं काय? त्यांच्या मॅन्युअलमध्ये जासोचं नाव सापडणार नाही. तिथे एपीआय ‘एसई’ किंवा ‘एसएफ’ असं लिहिलेलं असतं, आणि हे वर्ग आता दुकानात शोधत बसण्यात अर्थ नाही. पुढचा वर्ग मागच्याची जागा घेतो, असा साधारण नियम आहे: एसएफ, एसजी, एसएच, एसजे, एसएल, एसएम, एसएन आणि २०२० मध्ये एसपी. पण जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांना एक काळजी असते आणि ती रास्त आहे. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बऱ्याचदा टॅपेटवर (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागावर) थेट घासत फिरतो, मध्ये रोलर नसतो. तिथली झीज रोखायला ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग लागतं. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून नव्या वर्गांमध्ये ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडमध्ये त्यावर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. जासोच्या मानकात उलट किमान ०.०८ टक्के फॉस्फरस असावाच लागतो, कमाल ०.१२. म्हणजे एमएचा शिक्का असेल, तर क्लच आणि कॅम अशा दोन्ही काळज्या मिटतात. जुन्या गाडीसाठी मी सगळ्यात आधी हा शिक्का बघतो, कंपनीचं नाव त्यानंतर.

मग येतो घट्ट-पातळचा प्रश्न. २०डब्ल्यू-५० मधला ‘२०डब्ल्यू’ थंडीतलं वागणं सांगतो आणि ‘५०’ हा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. शंभर अंशाला ४० च्या ग्रेडची श्यानता, म्हणजे दाटपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असते, ५० ची १६.३ ते २१.९. हा फरक लहान नाही. हवेवर थंड होणारं इंजिन, कडक ऊन, हळू चालणारी वाहतूक, अशा वेळी ऑइल फार तापतं, आणि तिथे ५० ची ग्रेड उपयोगी पडते. जुन्या मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता दिलेला असतो, त्याच्या चौकटीत राहून हा बदल करा. पण गरजेपेक्षा घट्ट ऑइल थंड इंजिनात वर रॉकरपर्यंत चढायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ कॅम जवळजवळ कोरडा फिरतो. किक मारल्या मारल्या रेस देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

‘धूर मारते म्हणून घट्ट ऑइल’ हा प्रकार मला अजिबात पटत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस देताना सतत धूर येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय. रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताना भपकन येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड बघा. घट्ट ऑइलने धूर थोडा दबतो, झीज आतल्या आत चालूच राहते. आणि दुरुस्ती पुढे ढकलायचीच असेल, तर निदान ऑइलची पातळी बघत राहा. लहान इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं तीनशे मिली जळालं, तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. गाडी सपाट जमिनीवर, सरळ उभी करून बघा, साइड स्टँडवर नाही. डिपस्टिक फिरवून आत बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं असतं, त्यासाठी मॅन्युअल उघडा.

ऑइल काळं झालं म्हणजे संपलं, असंही समजू नका. ते काजळी स्वतःमध्ये धरून ठेवतंय, म्हणजे काम करतंय. मोटरसायकलमध्ये ऑइल खरं मार खातं ते गिअरच्या दातांत. मल्टिग्रेड, म्हणजे २०डब्ल्यू-५० सारखे दोन आकडे असलेल्या ऑइलला गरम असताना दाट ठेवण्यासाठी त्यात पॉलिमरचे लांब रेणू घातलेले असतात, आणि दात ते रेणू कातरतात. हळूहळू ५० चं ऑइल ४० च्या घरात उतरतं. चालवणाऱ्याला हे पायात कळतं: गिअर खटकन पडायला लागतात, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. म्हणून महागडं ऑइल दुप्पट अंतर ओढण्यापेक्षा साधं, योग्य शिक्क्याचं ऑइल वेळेवर बदललेलं जुन्या इंजिनाला जास्त मानवतं, असं माझं ठाम मत आहे. गाडी कमी चालत असली, तरी वर्षातून एकदा बदलाच.

सिंथेटिकबद्दल हमखास विचारणा होते. सिंथेटिक जुन्या गाडीला विष आहे, हे खरं नाही. पण वाळून कडक झालेल्या सीलभोवती जमलेला चिकटा धुऊन निघाला की गळती उघडी पडते. इंजिनाचं काम होऊन नवे सील बसले असतील, तर खुशाल वापरा. फक्त नव्या रिंगा घासून नीट बसेपर्यंत मिनरल ऑइलच ठेवा. इंजिन कधी उघडलेलंच नसेल, तर मिनरल किंवा सेमी-सिंथेटिकवर समाधान माना.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्या मात्र वेगळ्याच. तिथे इंजिन, प्रायमरी चेनकेस (इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणाऱ्या साखळीचं घर) आणि गिअरबॉक्स अशी तीन स्वतंत्र घरं असतात, प्रत्येकाचं ऑइल वेगळं. गिअरबॉक्समध्ये काशाचे बुश असतील, तर जीएल-५ वर्गाचं गिअर ऑइल टाळा. त्यातली गंधकाची रसायनं पिवळ्या धातूला खाऊ शकतात. काही इंजिनांत चांगला फिल्टर नसतो, क्रँकच्या आत गाळ साठायला जागा ठेवलेली असते. अशा इंजिनात वर्षानुवर्षं डिटर्जंट नसलेलं सिंगल ग्रेड ऑइल चालत आलं असेल, तर एकदम आधुनिक मल्टिग्रेड ओतू नका. साठलेला गाळ सुटून ऑइलच्या वाटा तुंबू शकतात. आधी क्रँक उघडून साफ करून घ्या.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी थोडक्यात: पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल वेगळं, त्यावर जासो एफसी किंवा एफडी बघा. गिअरबॉक्सचं वेगळं, आणि तिथेही क्लच ओलाच असतो, त्यामुळे वर सांगितलेली क्लचची गोष्ट तिथेही लागू.

ऑइल काढताना इंजिन कोमट असू द्या, हातात मोजे घाला आणि ड्रेन बोल्ट नीट बघा. त्याच्या चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप असेल तर काळजी नको. पापुद्रे किंवा तुकडे दिसले, तर गाडी मेकॅनिककडे न्या. ऑइल उन्हात धरल्यावर सोनेरी चकाकी तरंगताना दिसली, तर एखादा बुश जातोय. काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

आणि गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर ऑइल उभी करण्याआधी बदला. बहुतेक लोक ती परत बाहेर काढताना बदलतात. पण जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी उतरलेलं असतं, आणि ते बेअरिंगवर तसंच बसून राहतं. नवीन ऑइल भरा, इंजिन पाचदहा मिनिटं चांगलं गरम होईपर्यंत चालवा, आणि मगच गाडीवर कव्हर घाला.