वसईच्या चर्चचं छप्पर कोण शाकारतं?

(दृश्य: नाशिक. गोदाकाठचं नारोशंकर मंदिर, दर्शनी कमानीत टांगलेली घंटा.)

नारोशंकराची घंटा नाशकात कुणाला ठाऊक नाही? पण तिच्यावर कोरलेलं साल १७२१ आहे, आणि मंदिर त्यानंतर पाव शतकाने उभं राहिलं. तिकडे भीमाशंकरच्या देवळात १७२९ सालची घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला घाटावर टांगलेल्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मारियामाताच आहे. या घंटा मूळच्या पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या, मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेनंतर देशावर आल्या. विजयाची खूण म्हणून आल्या, देवळांत टांगल्या गेल्या, आणि तिथे आजही वाजतात.

घंटांची गोष्ट महाराष्ट्राने पुष्कळ वेळा सांगितली आहे. त्या ज्या गावांतून निघाल्या, त्या गावांचं पुढे काय झालं हे मात्र कमी सांगितलं जातं. गावं होती तिथेच राहिली. चर्चंही राहिली, काही पडून पुन्हा बांधली गेली. म्हणून या फिल्मचा प्रश्न साधा आहे, पैशाचा आहे: या चर्चचा खर्च इतकी वर्षं कोण करत आलं, आणि पुढे कोण करणार?

(दृश्य: वसईचा किल्ला. वडाच्या मुळांनी धरलेल्या भिंती. संत अंतोनी चर्चच्या जमिनीतल्या कोरीव शिळा.)

डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशहा तह करतो आणि वसई पोर्तुगीजांकडे जाते. पाठोपाठ धर्मगुरूंचे संघ येतात: आधी फ्रान्सिस्कन, मग जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन. फ्रान्सिस झेवियरही इथे येऊन गेले. किल्ल्याच्या आत एकेका संघाचं चर्च आणि मठ उभा राहतो. फ्रान्सिस्कनांच्या या चर्चमध्ये खाली बघून चालावं लागतं, कारण पायाखाली थडगी आहेत. नावं, किताब, घराण्यांची चिन्हं. ज्यांच्या खिशात दाम होता त्यांना वेदीच्या जवळ जागा.

किल्ल्याबाहेर, बागायती पट्ट्यात, सांडोर, पापडी, माणिकपूर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी इथे धर्मग्रामं, म्हणजे एकेका चर्चभोवतीचे पॅरिश, आकाराला आली. त्यांचा खर्च कोण करत होतं? कागदोपत्री पोर्तुगालचा राजा. पोपने राजाला पूर्वेकडच्या चर्चवर अधिकार दिला होता, पाद्रुआदो म्हणतात तो. त्याबरोबर धर्मगुरूंचं पोट भरायची आणि चर्चची डागडुजी करायची जबाबदारीही राजाच्याच गळ्यात पडली होती. आता राजा बसलेला लिस्बनला. पैसा कुठून यायचा? इथूनच. फोरो म्हणजे जमिनीवरचा सारा, उत्पन्नाचा दशांश, मठांना लावून दिलेल्या गावांचा वसूल. म्हणजे राजाच्या दानशूरपणाचा पैसा वसईच्या भातखाचरातून आणि नारळीच्या वाडीतून निघत होता. गावकरी चर्चला पोसतच होता. फक्त त्याला कुणी विचारलेलं नव्हतं आणि पावतीवर त्याचं नाव नव्हतं.

(दृश्य: किल्ल्याचा समुद्राकडचा दरवाजा. मग चिमाजी आप्पांचा पुतळा.)

मे १७३९. चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेतली. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक मान्य झाली, पण फिरंगी मठवासी जहाजांत बसून निघून गेले. राजाची तिजोरी मिटली. मठांची गावं गेली. लढाईने मोडलेलं आणि पावसाने पडलेलं आवरायला मागे उरले मूठभर गोवेकर आणि स्थानिक धर्मगुरू, आणि त्यांच्यामागे उभी रयत.

आमच्या मते वसईच्या धर्मग्रामांचा खरा इतिहास इथून सुरू होतो. सामवेदी, वाडवळ, कोळी, अशा आपापल्या बोलीच्या आणि पेहरावाच्या या लोकांना धर्म सोडून द्यायला ती वेळ सोयीची होती. बहुतेकांनी सोडला नाही. उलट ज्या चर्चसाठी आजवर सक्तीने पैसा निघत होता, त्यासाठी आता स्वखुशीने काढायला लागले. रोकड कमी, म्हणून धान्य, नारळ आणि अंगमेहनत. पुढे राज्यं बदलली, धर्मप्रांतही, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतले प्रदेशही, बदलले: १८८६ मध्ये दमण, १९२८ मध्ये दमणचा धर्मप्रांत मोडून मुंबई, आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडली आणि वेदीवरून मराठी ऐकू आली. छप्पर शाकारायचं काम मात्र गावाकडेच राहिलं.

(दृश्य: रविवारची सकाळ. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, सुटते आहे. दानाच्या थैल्या फिरून परत आल्या आहेत.)

आज धर्मग्रामाचा पैसा येतो कुठून? रविवारचं दान, मिस्सासाठी दिलेलं मानधन, सणाच्या वेळच्या देणग्या, हौजी (आकडे पुकारून खेळायचा खेळ), खाद्यमेळा, सोडतीची कुपनं, स्मरणिकेतल्या जाहिराती. यातली हौजी बाहेरच्यांना थट्टेची वाटते. पण एका संध्याकाळी मैदानात सगळ्या वाड्या एकत्र बसतात, तेही तिचं कामच आहे.

मोठं काम निघालं की वेगळा निधी. आणि इथे माणसाचा स्वभाव दिसतो. नव्या मनोऱ्याला, संगमरवरी वेदीला, रंगीत काचांना दाते मिळतात, कारण शेजारी नावाची पाटी बसते. पन्हळीला पाटी बसत नाही. जुन्या वायरी बदलायला आणि वाळवी लागलेला वासा काढायलाही बसत नाही. चर्च पडतात ती मात्र या पाटी नसलेल्या गोष्टींमुळे.

जुनी भिंत दगडाची, तिचा सांधा आणि गिलावा चुन्याचा. चुना श्वास घेतो, आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. त्यावर घाईघाईने सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. ते बघून लोक म्हणतात, भिंतच जुनी झाली, पाडून टाका. चुन्याचं काम येणारा गवंडी महाग आणि दुर्मीळ. म्हणून दुरुस्तीचा आकडा ऐकला की सभेत कुणीतरी हमखास विचारतो, एवढ्यात तर नवं चर्च होईल की! नवं होईल, ते मोठंही असेल. कधीकधी माणसं मावत नाहीत म्हणून ते लागतंही. पण दोन्हींचा हिशेब शेजारी शेजारी मांडल्याशिवाय हात वर करू नयेत.

(दृश्य: वसई रोड स्टेशन. मग इमारतींच्या रांगा, मधेच एक केळीची बाग.)

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली. मुंबईत घर परवडेना म्हणून आलेली कितीतरी कॅथलिक कुटुंबं इथल्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांना मिस्सा इंग्रजीत हवी, कोकणीत हवी. आजोबांनी चर्चसाठी दगड वाहिला असं सांगणारा गावकरी आणि कालच हप्ता सुरू झालेला फ्लॅटवाला, दोघांना एकाच निधीची कुपनं दिली जातात. गावकऱ्याला वाटतं चर्च आपलं, नव्याला वाटतं आपण पाहुणे. पाहुणा शंभराची नोट टाकतो, घरचा माणूस वर्षाचा आकडा ठरवतो. फ्लॅटवाल्याला समितीत बसवलं तर तोही आकडा ठरवेल.

जमीन विकून टाका, असाही सल्ला मिळतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथल्या हिरव्या पट्ट्यासाठी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या आघाडीवर होते. शेतकऱ्याला बाग राखायला सांगणाऱ्या चर्चने स्वतःची वाडी बिल्डरला दिली तर लोक तोंडावर विचारतील, आणि विचारावंच. शिवाय ते सोपंही नाही. धर्मप्रांताची परवानगी लागते, आणि सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही.

(दृश्य: फलकावर लावलेला जमाखर्च. कुणीतरी बोटाने ओळी वाचतंय.)

देणाऱ्याने काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते, हा चर्चच्या कायद्याचा नियम आहे. ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते लागलं पाहिजे, हाही नियम. म्हणून पावतीवर कामाचं नाव लिहून घ्या: छप्पर, दफनभूमीची भिंत, जुन्या नोंदवह्यांचं जतन, जे असेल ते. चर्चच्या दुरुस्तीला दिलेल्या पैशावर आयकरात सहसा सवलत मिळत नाही, मिळते असं कुणी सांगितलं तर आधी कागद मागा. आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाची देणगी विदेशी ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं त्याची ठरते, मग तो जन्माने नंदाखालचा असला तरी. ती घ्यायची तर न्यासाची केंद्राकडे नोंदणी हवी आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातूनच यायला हवा.

आणि एक मागणी समितीकडे. जमलेल्या पैशातला एक वाटा कायम ठेवीत टाका आणि त्याच्या व्याजावर दरवर्षी कौलं, पन्हळी, वासे तपासा. अशा ठेवीसाठी मेळा भरवणं कठीण जातं, कारण दाखवायला काही नसतं. तरी भरवा.

बाकी वेळापत्रक पावसाने ठरवून दिलेलं आहे. कौलं उतरवायची, वासे बदलायचे, चुना मळून भिंतीला लावायचा आणि तो सावकाश सुकू द्यायचा, हे सगळं मृगाच्या आत. गवंड्याला उचल द्यावी लागते. म्हणजे नाताळात ठरलेला आकडा फेब्रुवारीपर्यंत खात्यात जमा हवा.