सारखेच तीन किलो

[पडद्यावर: शेजारी शेजारी उभ्या दोन पुरुषांचा फोटो]

हे दोघंही डॉक्टर. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. दोघंही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली ही जोडी छापून आली.

आपल्या घरांत हे चित्र ओळखीचं आहे. काडीसारखे हातपाय, थोडं सुटलेलं पोट, आणि चाळिशीत रिपोर्ट हातात येतो: शुगर. यात सगळाच हात जनुकांचा नाही. आईच्या पोटात असताना बाळाला काय मिळालं, याला याज्ञिक फार महत्त्व देतात. त्यासाठी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तरी जनुकांचा वाटा आहेच, आणि वजन उतरवायला घेतलं की तो उघड दिसतो.

[पडद्यावर: सायकलचं फिरतं पेडल]

कॅनडातलं क्वेबेक. एकसारख्या दिसणाऱ्या, जनुकंही सारखीच असलेल्या जुळ्या भावांच्या ७ जोड्या. जेवण मोजून तेवढंच. दहापैकी नऊ दिवस, दिवसातून दोनदा सायकल, असे ९३ दिवस. सरासरी ५ किलो उतरले. पण कुणाचे ८ उतरले, कुणाचा जेमतेम १. आणि जुळ्या भावांचे आकडे मात्र एकमेकांना धरून. ज्याचा एकच किलो उतरला, त्याने काही कमी घाम गाळला नव्हता. 'तू मनावरच घेत नाहीस' असं आपण घरातल्या कुणाला सहज बोलून जातो, तेव्हा हा माणूस आठवावा असं मला फार वाटतं.

आणि किलो सारखे उतरले, तरी आतला फायदा सारखा नसतो.

[पडद्यावर: सोनोग्राफीची खोली, रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर']

पीएनपीएलए३ नावाचं एक जनुक आहे. त्यातला एक बदल २००८ साली अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी पकडला. प्रथिनाच्या साखळीत १४८व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं, बस्स एवढंच. पण हे बदललेलं प्रथिन यकृतातल्या चरबीच्या थेंबांवर चिकटून साचत जातं आणि चरबी सुटी होऊ देत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आलेल्यांचं यकृत लवकर चरबट होतं.

ऐकून वाटतं, यांचं काही खरं नाही. फिनलंडच्या संशोधकांनी अशा माणसांना आणि हा बदल नसलेल्यांना ६ दिवस कमी उष्मांकाचा, कमी पिठूळ आहार दिला. वजन दोघांचंही साधारण ३ किलोंनी उतरलं. हा बदल नसलेल्यांच्या यकृतातली चरबी १८ टक्क्यांनी घटली. आणि दोन्हीकडून बदल आलेल्यांची? ४५ टक्क्यांनी! माणसं मोजकीच होती. पण पुढे हाँगकाँगच्या वर्षभराच्या मोठ्या अभ्यासातही याच लोकांच्या यकृताने जास्त दाद दिली.

मधुमेहाचंही असंच. टीसीएफ७एल२ जनुकाचा एक प्रकार स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यात कमकुवत करतो. अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ३,२३४ माणसं होती. ज्यांना नुसत्या औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, त्या गटात हा प्रकार दोन्हीकडून आलेल्यांना मधुमेह ठळकपणे जास्त झाला. ज्यांना ७ टक्के वजन उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायला लावलं, त्या गटात ही वाढीव जोखीम जवळजवळ पुसली गेली. 'आमच्या घराण्यातच आहे, काय करणार' असं म्हणत दुसरा पेढा उचलणाऱ्या काकांपर्यंत हे कुणीतरी पोचवायला हवं. पथ्याचा उपयोग त्यांनाच जास्त आहे.

[पडद्यावर: पहाटेचा रस्ता, चालणारी पावलं]

आणि ज्यांचा काटा हलतच नाही, त्यांचं काय? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना घेऊन अभ्यास केला. एका गटाला रोज अर्धा तास चालायला आणि साखर, मैदा, तेल-तूप आवरायला सांगितलं. या गटाचं वजन म्हणावं तसं उतरलंच नाही. तरीही ३ वर्षांनी, नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले होते. चालणाऱ्यांपैकी ३९.३ टक्के.